स्टे

“काका, तुम्ही स्वतः सिगारेट ओढता का?”

दर्शना हे विचारणार नाही अशी तिच्या बाकावरच्या निशानं पैज लावलेली. दर्शनानं विचारलं, तेही भर वर्गात उठून.

वर्गातल्या कादंबरीचे बाबा सुधीरकाका सिगारेट कंपनीचे वकील. शाळेत लुटुपुटीचं कोर्ट भरणार होतं, त्याची तयारी करून घ्यायला ते दहावीच्या वर्गात आले होते. खटला असा: पाकिटावर एवढं मोठं सडक्या गळ्याचं चित्र नको, म्हणून कंपनी सरकारशी भांडतेय.

“नाही गं, हातही लावत नाही,” काका हसून म्हणाले.

कादंबरी तर अशी हसली, जणू बाबा तिनंच घडवलेत. दर्शना आतून चरफडली. या मुलीला काय मिळालेलं नाही? मोत्यासारखं अक्षर, डोंबिवलीतलं पुस्तकांनी भरलेलं घर, कुठेही न अडखळणारी जीभ. आता कंपनीच्या वकिलाचं कामही तिच्याच खिशात जाणार.

“चित्रानंच पाकीट भरलं तर आमचं नाव छापायचं कुठे, असं कंपनी म्हणते,” काका सांगत होते. “म्हणून नव्या नियमावर ती स्टे मागते. स्टे म्हणजे काय?”

कादंबरीनं घसा साफ केला, तोवर दर्शना उठलीसुद्धा. शीळफाट्याला तिच्या घरच्या जमिनीची केस तिच्या जन्माआधीपासून चालू. तिच्या घरात ‘स्टे’ हा शब्द पोरं ‘आई’च्या पाठोपाठ शिकायची.

“निकाल लागेपर्यंत आहे ते तसंच ठेवायचं. आमच्या जमिनीवर आहे ना. काका, कंपनीला जिंकायची घाईच नसणार. तारखा पडत राहिल्या तरी जुनं पाकीट खपतंच की.”

काका तिच्याकडे बघतच राहिले. “कंपनीकडून हीच बोलेल. कादंबरी, तू सरकारकडून.”

कादंबरीचं तोंड एवढंसं झालं. दर्शनाला घरी पोचेपर्यंत गुदगुल्या होत होत्या.

पप्पा ओट्यावर बसून सिगारेटी स्टीलच्या डबीत भरत होते. ते चित्र त्यांना बघवायचं नाही, म्हणून पाकीट आणल्या आणल्या फेकून द्यायचे.

“वकील असं बोलला? बघ, पोरगी कोणाची आहे,” ते आईला म्हणाले, आणि पुढचं खोकल्यात गेलं. आई पाठ चोळत राहिली. खोकला थांबेना.

दर्शनाला सुधीरकाका आठवले. कंपनीसाठी भांडून संध्याकाळी धडधाकट छाती घेऊन घरी जाणारे. तिला एकदम कादंबरीचं अक्षर नको झालं, घर नको झालं. तशी छाती मात्र पप्पांसाठी हवी होती, इतकी की डोळे चुरचुरायला लागले.

“मी कंपनीकडून नाही बोलणार,” ती म्हणाली.

“अगं, मिळालंय ते सोडतेस?” आईनं विचारलं.

“कादंबरीला देते. तिचे बाबा आहेत शिकवायला. मी सरकारकडून बोलणार. आणि पप्पा, तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. मी जज्जकडे नाही, तुमच्याकडे बघून बोलणारे.”