कानापासून चार बोटं

रंगमास्तरांनी भिंतीवर पाचवा पट्टा ओढला, दोन पावलं मागे सरकले, मान तिरकी केली आणि म्हणाले की हाही गुलाबी मारतोय.

मास्तरीणबाई खुर्चीवर बसून शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही. केली असती तर तोंडातून काय निघालं असतं याचा तिचा तिलाच भरवसा नव्हता.

रंगमास्तर हे काही त्यांचं नाव नव्हे. कापडाच्या गिरणीत रंगखात्यात जन्म काढला, म्हणून सगळे तसं म्हणत. नुसता धागा हातात दिला तर तो कुठल्या हौदातून निघाला ते सांगतील अशी त्यांची ख्याती होती, आणि ती बरीचशी त्यांनीच पसरवली होती. बायकोने जन्मात कुणाला काही शिकवलं नाही, तरी मास्तरांची म्हणून ती मास्तरीणबाई. तिला या नावाचा कधी राग आला नव्हता. हल्ली येत होता. हल्ली तिला त्यांच्या चपलांचाही राग येत होता.

गोष्ट एवढीच होती की महिन्यापूर्वी लेक नवऱ्याचं घर सोडून आली. परत जाणार नाही म्हणाली. मास्तर म्हणाले, जायचंच. लेक बैठकीच्या खोलीत या भिंतीला टेकून उभी होती. आवाज न चढवता ती म्हणाली, "नाही जाणार, बाबा." टेबलावर दाराचं कुलूप पडलं होतं, मुठीत मावणार नाही एवढं. मास्तरांनी ते उचललं आणि फेकलं. भिंतीत खड्डा पडला, प्लास्टरचे तुकडे लेकीच्या खांद्यावर उडाले. तिने खाली वाकून कुलूप उचललं, परत टेबलावर ठेवलं, बॅग घेतली आणि मैत्रिणीकडे निघून गेली.

मास्तरीणबाई तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात होती. तिने सगळं पाहिलं. पाहून काय केलं, तर मूग गिळून गप्प बसली आणि मग केरसुणी आणून पडलेलं प्लास्टर भरलं. उभा जन्म तिने हेच केलं होतं. मास्तरांनी तोडायचं, हिने भरायचं.

तेव्हापासून मास्तरांच्या तोंडी एकच वाक्य. "मी भिंतीवर फेकलं होतं." शेजाऱ्यांना तेच, धाकट्या भावाला तेच. लेकीवर हात उचलणारा बाप मी नव्हे. राग आला, भिंतीवर काढला. भिंत माझी, कुलूप माझं.

आणि लेक फोनवर आईला सांगायची की बाबांनी एकदाच कबूल करावं, कुलूप तिच्यावर फेकलं होतं. पाया पडायला नको, माफी नको. तेवढं म्हणाले की ती घरी येईल. नाही तर मैत्रिणीच्या शहरात कायमची जागा बघेल. आईने हे मास्तरांच्या कानावर घातलं. पालथ्या घड्यावर पाणी. ते उठले आणि भिंतीचा रंग शोधायला बाहेर पडले.

आता या भिंतीचा रंग बेज. ना धड पांढरा, ना धड पिवळा, ना धड मातीचा. कुणाच्या डोळ्यात भरू नये म्हणूनच निवडलेला. ज्या कंपनीचा होता तिने तो रंगांच्या कार्डावरून काढून टाकला होता. तिथे त्याचं नाव 'ओली वाळू' होतं. दुसऱ्या कंपनीकडे त्याच्या जवळचा म्हणून 'शिंपला' निघाला, तिसरीकडे 'साय', चौथीकडे नुसताच आकडा. दुकानदाराने समजावलं की एका कंपनीचा आकडा दुसरीच्या रंग मिसळायच्या यंत्रात चालत नाही. प्रत्येकीचा मुळातला पांढराच वेगळा असतो. त्यापेक्षा अख्खी भिंत नव्याने रंगवा, आजोबा. आजोबा म्हटल्याचा राग आला की सल्ल्याचा, कोण जाणे, मास्तर त्याच्याशी भांडूनच घरी आले. डाग तळहाताएवढा, त्याच्यासाठी भिंत रंगवायची? भिंत रंगवली की चार लोक विचारणार, का रंगवली. त्यांना कुणी विचारायलाच नको होतं.

खड्डा त्यांनी पुट्टीने बुजवला, घासून सपाट केला. मग एकामागून एक डबे येऊ लागले. 'शिंपला' गुलाबी मारत होता. 'साय' दिवसा ठीक, पण दिवा लावला की हिरवट. चौथा समोरून जुळायचा आणि बाजूने बघितलं की चकाकायचा. तळहाताएवढ्या डागाभोवती पाच पट्टे झाले आणि जो डाग पूर्वी शोधावा लागायचा तो आता दारातून दिसू लागला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. लेकीला एक फोन करायला या माणसाचा हात उचलत नव्हता, आणि भिंतीसाठी चार दुकानं पालथी घालत होता.

"यंत्रच फुकटचं आहे," मास्तर करवादले. "मी अस्सल नमुना नेऊन दिला. कपाटामागून खरवडून. तरी प्रत्येकाचं उजळच निघतं."

इथे मास्तरीणबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं ज्या नजरेचं कौतुक ऐकलं ती ही नजर. तिने शेंगांचं भांडं आपटलं.

"कपाटामागे कधी ऊन पोचलंय का? कधी धूर गेलाय? तिथली भिंत अजून नवी आहे. इथली म्हातारी झालीय, तुमच्यासारखी. म्हाताऱ्या भिंतीला तरुण रंग कसा जुळेल? एवढं कळत नाही आणि म्हणे रंगमास्तर."

बोलली आणि तिने जीभ चावली. मास्तर तिच्याकडे वळले. मग त्यांचा चेहरा असा उजळला की तिला उठून डबा त्यांच्या डोक्यावर पालथा करावासा वाटला. त्यांनी खिडकीलगतची, उन्हातली खपली काढली आणि तसेच दुकानात गेले.

सहावा डबा आला. त्यात त्यांनी स्वतः थेंबभर पिवळा आणि त्याहून कमी काळा घातला, ढवळलं, कागदावर वाळवून पाहिलं. रोलरने पट्टे झाकले, कडा कोरड्या स्पंजने विरवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बायकोला भिंतीसमोर उभं केलं.

"दाखव, कुठे होता."

तिने पाहिलं. डावीकडून, उजवीकडून, दिवा लावून, दिवा बंद करून. सापडेना. जो खड्डा तिने डोळ्यांनी पडताना पाहिला तो तिला सापडेना, आणि तो बुजवायची युक्ती तिनेच सांगितली होती. मास्तरांवरचा राग होताच, पण आता तो मोठा होऊन स्वतःवर आला. उद्या हे म्हणणार, कुठलं कुलूप? आणि परवा आपल्यालाही वाटायला लागणार, खरंच, कुठलं कुलूप?

लेक त्याच दुपारी उरलेले कपडे न्यायला आली. खांद्यावर रिकामी बॅग होती. ती आत आली, भिंतीकडे बघितलं आणि थबकली.

"बघ," मास्तर म्हणाले. "आहे का काही? तुझ्या आईलाच विचार. उगाच राईचा पर्वत केलास."

लेकीने आईकडे पाहिलं. त्या पाहण्यात प्रश्न नव्हता. आई काय म्हणणार हे आपल्याला माहीत आहे, असंच ते पाहणं होतं, आणि मास्तरीणबाईला तेच सहन झालं नाही.

ती आत गेली आणि पुट्टी लावायची लोखंडी पट्टी घेऊन आली.

"इथे उभी राहा," ती लेकीला म्हणाली. "त्या दिवशी होतीस तशी. पाठ टेकून."

लेक उभी राहिली. मास्तर विचारू लागले की हे काय चाललंय, पण तिने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. डाग सापडला नव्हता, पण कुलूप लेकीच्या कानापासून किती लांब आदळलं ते ती विसरली नव्हती. तिने लेकीच्या कानाला आपला हात लावला. अंगठा दुमडून चार बोटं भिंतीवर उभी, एकाला एक लागून ठेवली, आणि जिथे करंगळीची कड आली तिथे पट्टीचं टोक टेकवून खरवडलं. आधी बेज निघाला, महिनाभराच्या खटाटोपाचा, मग पांढरी पुट्टी भसाभस खाली पडली. लेकीचा खांदा पुन्हा पांढरा झाला. खड्डा उघडा पडेपर्यंत तिने हात थांबवला नाही.

मग ती बाजूला झाली. समोर लेकीचं डोकं होतं, आणि त्याला लागून, त्याच उंचीवर, कुलपाच्या कडीसकट उमटलेला खड्डा.

"मी दारात होते," ती म्हणाली. "मी बघितलंय. आता तुम्ही सांगा, कुठे फेकलं होतं."

"अगं, केवढ्या मेहनतीने जुळवला होता तो..." मास्तर म्हणाले. त्यांची नजर आयुष्यभर दोन रंग शेजारी ठेवून बघण्यात तयार झाली होती. ती आता खड्ड्यावरून कानावर गेली, कानावरून खड्ड्यावर आली. लेक हलली नाही. केसात अडकलेला चुरासुद्धा तिने झटकला नाही.

मास्तर खुर्चीवर बसले.

"तुझ्यावर," ते म्हणाले. भिंतीकडे बघून म्हणाले, मग त्यांना ते पुरेसं वाटलं नसावं. त्यांनी लेकीकडे बघितलं. "नेम चुकला. बरं झालं चुकला."

लेकीने खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि तिथेच भिंतीला टेकून रडू लागली. मास्तर उठायला लागले, तसं बायकोने त्यांना हातानेच बसा म्हणून खुणावलं. तिचा राग अजून तसूभरही कमी झाला नव्हता. तिने केरसुणी आणली आणि या वेळी ती नवऱ्याच्या हातात दिली.