पार्वतम्माची धुरी

मुरूम गावातल्या त्या गल्लीत पार्वतम्माच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती, आणि तिच्या शेगडीला तर सून अर्पितासुद्धा हात लावत नव्हती. नातीची आंघोळ झाली की निखाऱ्यावर ओवा-वावडिंग टाकायचं आणि लेकराला धुरीवर धरायचं, हे काम पार्वतम्माचंच.

नात शिवांजली दिवस भरायच्या आधीच जन्मलेली. दवाखान्यात घशात नळी घालून जगवलेली. घरी आली तशी श्वास घेताना बारीक शीळ वाजायची. "माझी नात गाती गं!" पार्वतम्मा गल्लीभर सांगायची.

एका सकाळी धुरी दिली आणि शीळ एकदम चढली. बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, ओठ निळे पडले. अर्पितानं लेकरू हिसकावूनच घेतलं.

"आत्याबाई, बास आता! सोलापूरला निघायचं."

पार्वतम्मा उलटून बोलली नाही, तसा तिचा लेक राजशेखर जास्तच घाबरला.

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी घशात दुर्बीण घालून पाहिलं. "नळी होती ना, त्यानं श्वासाची वाट आकसलीय. बारीक फुगा आत नेऊन फुगवू, वाट मोकळी होईल."

"फुगा? लेकराला जत्रंत आणलंय का आमी?"

"आजी, हिला धूर कोण देतं?"

"म्या देते. त्याच धुरीवर हिचा बाप वाढवलाय."

"बापाची वाट रुंद होती. हिची काडीएवढी उरलीय. धुरानं तीही सुजते."

पार्वतम्मानं हात नाकाशी नेले. ओव्याचा वास येत होता. ती उठली, नळाखाली हात चोळचोळून धुतले आणि बाकड्यावर येऊन बसली.

लेकराला आत नेलं. बऱ्याच वेळानं आतून टाहो फुटला. खणखणीत, शिळेबिगर.

राजशेखर दचकला. "कुणाचं लेकरू हे?"

"तुझंच की, गाढवा! आवाज वळखंना व्हय? माझ्यावर गेलीय."

घरी आल्यावर शेजारची इरम्मा मायेनं खापरावर निखारे घेऊन आली. "पारू, लेकराला धुरी दिली न्हाईस अजून?"

"उंबऱ्याच्या आत आलीस तर तुलाच उलटी धरून देईन धुरी!"

शेगडी आता परसात लांब, शेंगा भाजायला. वारा घराकडं वळला की पार्वतम्मा निखाऱ्यावर तांब्याभर पाणी ओतते, आणि भिजलेल्या शेंगांबद्दल वाऱ्याच्या सात पिढ्या उद्धारते. आतून शिवांजली तिच्यावर आवाज चढवते.