धुतलेला वास

दारावरची पाटी तिनेच लिहिली होती: ‘सशांची सोबत जुळवून मिळेल.’ ती वाचून सासूबाई म्हणाल्या होत्या, माणसांची जुळवता जुळवता लोकांच्या चपला झिजतात, आणि ही सशांची जुळवायला निघालीय. चेष्टाच ती. पण शिंपीकाका पहिलं गिऱ्हाईक म्हणून दारात उभे राहिले तेव्हा तिला आधी तीच आठवली.

काकांच्या एका पेटीत मावशी होती. राखाडी, वयस्कर मादी. जोडीदार गेल्यापासून ती कोपरा सोडत नव्हती. दुसऱ्या पेटीत तिच्या सोबतीसाठी आणलेला पांढरा नर, पैलवान. काकांनी दोघांना भाबडेपणाने एकत्र सोडलं होतं आणि पैलवानाने पहिल्याच दिवशी मावशीचा कान फाडला होता.

तिने दोघांना आपल्या मागच्या खोलीत ठेवून घेतलं, दोन वेगळ्या पिंजऱ्यांत. काकांकडून कॉर्डरॉयचे दोन तुकडे शिवून घेतले आणि एकेकाच्या अंगाखाली अंथरले. रोज सकाळी ती तुकड्यांची अदलाबदल करी. म्हणजे त्याचा वास तिला, तिचा त्याला. ससा आधी नाकाने ओळख करून घेतो, डोळ्यांनी नंतर. पाच दिवसांनी भेट ठरली.

हे पाच दिवस तिचा एकच नेम होता. सशांना हात लावण्याआधी अंगावर नवऱ्याचा जुना सदरा चढवायचा, काम झालं की तो न्हाणीघराच्या दाराच्या उंच खुंटीला टांगायचा, कोपरापर्यंत हात धुवायचे, मगच रांगत्या चिमणीला उचलायचं. लेकीच्या अंगाला जंतू लागतील ही धास्ती. खुंटीवरच्या त्या सदऱ्याला कुणी हात लावायचा नाही, अशी तिने सासूबाईंना ताकीदच दिली होती.

भेटीच्या दिवशी मावशीने सकाळपासून पानाला तोंड लावलं नव्हतं. सशाने एक दिवस खाल्लं नाही तर त्याचं आतडं थंडावतं, आणि मग फार वेळ हातात राहत नाही. हे तिला माहीत होतं. काकांनाही माहीत होतं.

भेट न्हाणीघरात, कारण ती जागा दोघांपैकी कुणाचीच नव्हती. फरशी कोरडी. दोन्ही तुकडे सासूबाईंनी आधीच अंथरलेले. काका दाराशी, ती मध्ये उकिडवी, हातात चुलीजवळचा जाड हातमोजा. तिने दोघांना सोडलं.

मावशी तुकड्यापाशी गेली, हुंगलं, आणि मागे सरली. पैलवानाची शेपटी ताठ झाली, कान पाठीला चिकटले, आणि तो तिच्याभोवती फिरू लागला. एक फेरी. दुसरी. तिने हात लांबवून तुकडा उचलला, नाकाशी नेला. साबणाचा वास. तुकड्याला इस्त्रीसुद्धा होती.

“आई, हे तुकडे धुतले?”

बाहेरून सासूबाई म्हणाल्या, “मग? मुताचा वास येत होता. पाहुणे येणार म्हटल्यावर घाण अंथरायची का?”

तेवढ्यात पैलवान उसळला. राखाडी केसांचा झुबका हवेत उडाला. तिने मध्ये हात घातला. हातमोजा मनगटाशी तोकडा पडला आणि दात तिथेच रुतले. तिने तसाच त्याला दाबून पेटीत कोंबलं. मावशी भिंतीला चिकटून थरथरत होती. तिने मावशीचे कान चाचपले. गार.

“राहू दे आता,” काका हळूच म्हणाले. “नेतो मी तिला. घरीच जाऊ दे तिला.”

‘जाऊ दे’ म्हणताना त्यांचा आवाज फाटला. बाहेर चिमणी रडू लागली, आणि या रक्ताळल्या, सशाच्या केसांनी माखलेल्या हातांनी आपण तिला घेऊ शकत नाही, हे कळून तिने खुंटीकडे पाहिलं. अंगावर आज नवा कपडा होता, पाहुणे येणार म्हणून. सदरा खुंटीवरच होता.

सदरा. पाच दिवसांचा, न धुतलेला. त्याच्या छातीशी कधी मावशी, कधी पैलवान.

तिने तो ओढून काढला. दोघांना पुन्हा एकत्र सोडण्याचं धाडस आता नव्हतं, आणि ते शहाणपणाचंही नव्हतं. तिने पिंजऱ्याची जाळी आणून मध्ये उभी केली, तिच्या खालून सदरा सरकवला. अर्धा इकडे, अर्धा तिकडे. मावशीपुढे कोथिंबीर ठेवली. पैलवानाला पलीकडे सोडलं आणि जाळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. मनगटातून थेंब ठिबकत होते. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, कडेवर चिमणी.

पैलवानाने सदऱ्याची बाही हुंगली. खूप वेळ. मावशी पोटावर सरकत आली आणि तिने मान खाली घालून कपाळ जाळीला टेकवलं. चाटून घ्यायचं असेल तर ससा असं मागतो. समोरच्याने चावायचं ठरवलं तरी त्याला हीच जागा सोयीची.

पैलवान वाकला. जाळी घट्ट धरून तिने डोळे मिटले.

काही झालं नाही. मग बारीक, ओलसर आवाज. आणि थोड्या वेळाने दुसरा, कोरडा: कुरकुर, कुरकुर.

“खातेय का गं?” काकांनी विचारलं. त्यांनीही डोळे मिटलेले होते.

“एक काडी,” ती म्हणाली. जाळीवरचे हात तिने सोडले नाहीत.

सासूबाईंनी सदऱ्याकडे पाहिलं, मग सुनेच्या मनगटाकडे. “तो नाही धुणार,” त्या पुटपुटल्या, “पण तू हात धू. पोरगी केव्हाची तुझ्याकडे झेपावतेय.”