दमलेला ठोका

मित्रांनो, मी एक जुना, खिशात मावणारा टेपरेकॉर्डर आहे. माझी एक कड घासून पांढरी पडली आहे आणि लाल बटण जरा जोरातच दाबावं लागतं. कारखान्यात तपासणीच्या टेबलावर एका बाईंनी माझ्यासमोर "एक, दोन, तीन" म्हटलं. मी ते जसंच्या तसं परत म्हटलं आणि पास झालो.

माझ्या मालकीणबाई वर्तमानपत्रात सिनेमांची परीक्षणं लिहीत. तीही कसली? कबरीतून उठणाऱ्या झॉम्बींच्या सिनेमांची आणि भिंतीच माणसं गिळतात अशा तऱ्हेवाईक मालिकांची. ऑफिसात त्यांना सगळे 'मढेताई' म्हणत. संपादक कपाळाला हात लावत, "ताई, एखादा कौटुंबिक सिनेमा बघा की!"

"यातही कुटुंबच असतं, साहेब. फक्त ते एकमेकांना खातं," ताई म्हणत.

अंधारात लिहिता येत नाही, म्हणून त्या माझ्याशी कुजबुजत. "रक्त फार पातळ." "आजी उठली ते झकास." अशी कित्येक वर्षं गेली.

एकदा भर दुपारी एका जुन्या थिएटरात समीक्षकांसाठी खेळ होता. पडद्यावर कपडे धुण्याच्या दुकानात अडकलेली माणसं, बाहेर मेलेल्यांची झुंड आणि दारावर ठोके. धाड, धाड, धाड. ताई कुजबुजल्या, "ठोके सगळे एका तालात. मेलेली माणसं दमत नाहीत, हे दिग्दर्शकाला बरोबर कळलंय."

मग त्यांनी एकदम कान टवकारले. त्यांनी मला छातीशी धरलं होतं. त्यांच्या काळजाची धडधड माझ्यात उमटत होती.

"एक ठोका वेगळा आहे," त्या पुटपुटल्या. "हा दमतोय."

पडद्यावरचं दार शांत झालं, तरी तो ठोका आलाच. ताई ताडकन उठल्या. मागून कुणीतरी हसलं, "काय ताई, तुम्हीसुद्धा घाबरलात?"

"सिनेमा थांबवा!" त्या ओरडल्या. कुणी जागचं हललं नाही. त्या धडपडत बाजूच्या भिंतीवरच्या कापडी पडद्यामागे शिरल्या. तिथे मागच्या बंदिस्त बोळातून बाहेर पडायचं दार होतं आणि त्याला साखळी घालून कुलूप ठोकलेलं. खालच्या फटीतून धूर येत होता.

"कोण आहे पलीकडे?"

"मी... झाडूवाली मावशी. मागं पेटलंय, बाई. वाट नाही."

दारवानकाका धावत आले. "किल्ली मॅनेजरसाहेबांकडे आहे, आणि साहेब जेवायला गेलेत!"

"मग तोडा!"

काकांनी आग विझवायचं लाल नळकांडं उचललं आणि कुलपावर घातलं. एकदा, दोनदा. पलीकडचा ठोका थांबला. "मावशी, बोलत राहा!" ताई दाराला तोंड लावून सांगत होत्या. उत्तर येईना. पाचव्या घावाला कुलूप तुटलं आणि मावशी ताईंच्या अंगावर कोसळल्या. त्या खोकल्या, तेव्हा ताई रडू लागल्या.

पुढे चौकशी झाली. मॅनेजर म्हणाला, "दार उघडंच होतं. यांना दिवसभर मढी दिसतात, यांचं काय ऐकता?" दारवानकाका नोकरी जाण्याच्या भीतीने मान खाली घालून उभे होते. ताईंनी मला टेबलावर ठेवलं. माझ्या पोटात फीत अडकायची जुनी खोड होती. मी जीव मुठीत धरून फिरू लागलो. खरखर झाली, क्षणभर सगळं थांबलं, आणि मग काकांचा आवाज खणखणीत आला: "किल्ली मॅनेजरसाहेबांकडे आहे!" काकांनी मान वर केली. "होय. मीच म्हणालो होतो."

त्या थिएटरची सगळी दारं आता उघडी असतात.

ताईंकडे नवं यंत्र आलं आणि मी खणात गेलो. सेल आतच राहिले, पाझरले. माझा आवाज घोगरा झाला. एकदा मावशी ताईंच्या घरी आल्या. "माझा आवाज ऐकवा," म्हणाल्या. ताईंनी मला पुसून, नवे सेल घालून सुरू केलं. ठोके आले तशी मावशींनी माझ्यावर हात ठेवला.

"पुरे, बाई. आता सांगा, तुमच्या त्या सिनेमात पुढं काय झालं?"

ताई हसत सांगू लागल्या.

मित्रांनो, जुन्या यंत्रातले सेल काढून ठेवा, एवढी माझी विनंती. आणि कितीही गोंगाट असला, तरी त्यात कुणी हाक मारतंय का, तेवढं कान देऊन ऐका.