दम धरा

टेकडीवरच्या खोलीत बसून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायचा, हे तिचं काम. आधी ते तिच्या बाबांचं होतं. चार महिन्यांपूर्वी ते छातीच्या दुखण्यानं गेले आणि खुर्ची लेकीकडे आली. बाहेरच्या खांबावरच्या नळीतून यंत्र हवा ओढतं आणि पडद्यावर रेघ काढतं, एवढंच. फक्त गाळणी बदलायला नळीपाशी गेलं की श्वास रोखायचा, नाहीतर माणसाच्या एका उच्छ्वासानं मोजणीचं वाटोळं. बाबा त्याला 'दम धरणं' म्हणत. खांबापाशी त्यांनी कुणाला कधी जांभईसुद्धा देऊ दिली नाही.

सोमवारपासून रेघेवर उंचवटे येऊ लागले. रोज अकराला, ती खोलीत बसलेली असताना.

"नळीपाशी श्वास सोडताय तुम्ही," मुख्य कार्यालयातले साहेब फोनवर म्हणाले.

"तिथं कोणीच नव्हतं, साहेब."

"मग काय भुतानं फुंकर मारली? उद्या रेघ सरळ दिसली नाही, तर तुमच्या जागी दुसरं माणूस पाठवतो."

दुसऱ्या दिवशी ती पडद्यासमोर ठाण मांडून बसली. खिडकीतून रिकामा खांब दिसत होता. अकरा वाजले. उंचवटे आले: दोन आखूड, एक लांब, मग जरा खंड. शेवटच्या महिन्यात बाबांच्या उशाशी बसून तिनं हेच श्वास मोजले होते.

ती घाबरली, यात लपवण्यासारखं काही नाही. पण भीतीपेक्षा आनंद मोठा होता. गेली नोकरी खड्ड्यात, म्हणत ती खांबाकडे धावली. तिथं वाऱ्याशिवाय कोणी नव्हतं.

तेवढ्यात खोलीत फोन वाजला. दारात आलेल्या वडीलधाऱ्या माणसाला म्हणावं तसं ती सवयीनं म्हणाली, "बाबा, जरा दम धरा हं. फोन घेऊन आलेच."

"शाबास," साहेब म्हणाले. "आत्ताच सरळ झाली बघा रेघ. नोकरी पक्की समजा."

तिनं फोन तसाच टाकला. तिला 'थांबा' एवढंच म्हणायचं होतं. पण त्या खांबापाशी बाबांना 'दम धरा'चा एकच अर्थ ठाऊक होता.

ती पुन्हा धावली. "सोडा, बाबा. श्वास सोडा. मी नुसतं थांबा म्हणत होते हो." नळीला तोंड लावून ती घसा बसेपर्यंत ओरडली. मग परत येऊन तिनं पडदा पाहिला.

सरळ रेघेवर एकच मोठा उंचवटा होता. तो तिचा होता.