नळी भरेपर्यंत

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या सालात महागावकडच्या बंजारा तांड्यांवर सर्वेवाल्यांचा नुसता सुळसुळाट झाला होता. कोणी माती नेली, कोणी माणसांचं दुःख लिहून नेलं. आता थुंकी न्यायला आले होते.

जिनिंगवर गठाणी उचलणारा रूपसिंग पोरीला घेऊन शाळेच्या व्हरांड्यात बसला. कोकिळानं दिवाळीपासून जेवण टाकलं होतं. अंगावर हाडं तेवढी उरली, तरी म्हणायची, "मी जाडी दिसते." भगत झाला, सलाईन झाली.

"मॅडम, थुंकीतून दवा निघन का?"

सर्वेवाल्यांसोबत आलेल्या डॉक्टर आभाबाई खरं बोलल्या. "आत्ता नाही. या उपाशी राहण्याच्या आजाराचा आनुवंशिक अभ्यास झालाय तो बहुतेक युरोपातल्या गोऱ्यांवर. तुमच्या समाजाचं त्यात कोणी नाही. म्हणून तुमचे नमुने हवेत."

"म्हणजे बीमारी गोऱ्यायची अन् झाली आमच्या पोरीले?"

"तसं नाही हो."

"मंग कसं?"

बाईंनी पुन्हा सांगितलं. रूपसिंगनं मान हलवली. डोक्यात काही शिरलं नाही. गरिबाची थुंकी मागायला दारात येता, तर त्याला उमजेल असं बोलायला काय धाड भरते?

कोकिळाच्या हातात नळी दिली. तोंड कोरडं ठाक. थुंकी नळीवरच्या खुणेपर्यंत येईचना.

"आंबट काहीतरी आठव गं," नर्स म्हणाली.

कोकिळानं डोळे मिटले. नळीत थोडी लाळ पडली. मग ती हळूच म्हणाली, "बापू, अंबाडीची भाजी खावीशी वाटून राह्यली."

घर शाळेच्या मागंच. शेजारी बसलेली तिची आई भुरीबाई धावत गेली, भाजी-भाकर घेऊन आली.

"थांबा!" नर्स ओरडली. "नळी भरेपर्यंत खायचं नाही. नमुना खराब होतो."

"दादा, जरा दम धरा," आभाबाई म्हणाल्या. "गाडी निघायचीये, अन् या आजाराची इथं ही एकटीच सापडली. पुढच्या पोरींच्या कामी येईल."

रूपसिंग घास धरून उभा. पुढच्या पोरी कोणाच्या? आपल्याच तांड्याच्या ना? अन् हिची भूक तोवर थांबन का? त्यानं घास कोकिळाच्या तोंडात घातला.

आभाबाईंनी नळी काढून घेतली. रागावल्या नाहीत.

"आपण चांगलं केलं का वो?" भुरीबाईनं विचारलं.

"मले काय मालूम? चूप राह्य. गिळू दे तिले."

कोकिळा चावत होती. अजून गिळलं नव्हतं.