उतारावरची शिट्टी

मित्रांनो, मी एक जुना ब्रेकपॅड आहे. तुमच्या तळहातावर मावेन एवढाच. पण नऊ मुलांनी भरलेली शाळेची व्हॅन उतारावर थांबवण्याचं काम मी तीन वर्षं केलं.

कारखान्यात माझ्या पोलादी पाठीवर बारा मिलिमीटरचा जाड थर बसवला आणि कडेला एक पातळ, वाकडी पट्टी ठोकली. ती माझी जीभ. थर झिजून अगदी थोडा उरला, की तिने चाकाच्या फिरत्या चकतीला टेकायचं आणि ओरडायचं. म्हणजे वर्षानुवर्षं गप्प बसायचं आणि अखेरीस एकदाच बोलायचं! त्या दिवसाची मी आतुरतेने वाट पाहत होतो.

व्हॅन चालवणाऱ्या बाईंना सगळी मुलं मावशीच म्हणत. त्यांची सख्खी भाची चिमी पुढे बसे. मावशी रोज व्हॅन धूत, टायरमधली हवा बघत. चाकाच्या आत मात्र कुणी डोकावत नसे.

अखेर एका सोमवारी, शाळेकडून घरी येताना, उतारावर जीभ टेकली. चीईईई! मला कोण आनंद झाला! आता सगळे दचकणार...

मुलांनी टाळ्या वाजवल्या. "मावशी, गाडी शिट्टी मारते! परत, परत!"

"चाकात धूळ गेली असेल रे. निघेल आपोआप," म्हणत मावशींनी गाण्यांचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवसापासून खेळच सुरू झाला. उतार आला की माझ्याबरोबर नऊ शिट्ट्या! मी जीव तोडून ओरडत होतो आणि मला साथ मिळत होती. हसावं की रडावं? थर संपला की लोखंडावर लोखंड घासणार. मग या मुलांची व्हॅन वेळेत थांबवणं माझ्या हातात राहणार नव्हतं.

शुक्रवारी चिमीची शिट्टी काही वाजेना. तिचा पुढचा दात पडला होता. बिचारी गप्प बसून मावशींच्या पायाकडे बघत राहिली.

"मावशी, तू ब्रेक दाबलास की वाजतं, पाय उचललास की बंद. धूळ काय पाय बघून ओरडते?"

मावशींनी गाणं बंद केलं. हळूच ब्रेक दाबला. चीईईई!

"अगं बाई!"

उरलेला उतार त्यांनी पहिल्या गिअरमध्ये रांगत पार केला. मुलांना घरी सोडलं आणि चिमीसकट थेट गॅरेज गाठलं.

गॅरेजवाल्या काकांनी चाक काढून मला बाहेर घेतलं. "जेमतेम दोन मिलिमीटर! ताई, हा आठवडाभर बोंबलत असणार."

"आम्ही साथ देत होतो," मावशी ओशाळून म्हणाल्या.

काका चिमीकडे बघून हसले. "तुझा दात आणि हा पॅड, दोघांचीही वेळ झाली होती. फक्त दात आपोआप उगवतो, हा आणावा लागतो!"

आता मी डॅशबोर्डवर दिमाखात बसतो. उतार लागला की गाणी बंद, कान टवकारलेले, असा मावशींचा नवा नियम आहे. कालच मागून आरोळी आली, "मावशी, वायपर काच पुसत नाही, नुसता फराटे ओढतोय!" व्हॅन लगेच गॅरेजकडे वळली.

मित्रांनो, झिजणं हा आमचा दोष नव्हे, ते आमचं कामच आहे. तुम्ही फक्त ऐका. माझ्या जागी आलेला नवा पॅड सध्या गप्प आहे. एक दिवस तोही बोलेल. तोवर चिमीचा दात आलेला असेल. पण त्या दिवशी ती शिट्टी मारणार नाही.